तिकीट काढण्याआधी विमान बघा

विमानाचं तिकीट शोधताना आपण तीन गोष्टी बघतो: भाडं, वेळ आणि कंपनीचं नाव. चौथी गोष्ट त्याच पडद्यावर बारीक, फिकट अक्षरांत लिहिलेली असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती म्हणजे विमानाचं मॉडेल. एअरबस ए३२१, एटीआर ७२, बोइंग ७३७ मॅक्स असं काहीतरी. बॅग डोक्यावरच्या कप्प्यात मावेल की शिडीपाशीच काढून घेतील, आईला किती पायऱ्या चढाव्या लागतील, धुक्यात विमान उतरेल का, बिघाड झाला तर बदली विमान मिळेल का, यातलं बरंचसं त्या चौथ्या ओळीवर ठरतं.

एकाच कंपनीची दोन विमानं आतून इतकी वेगळी असू शकतात की प्रवाशाला कंपनी बदलल्यासारखं वाटावं. म्हणून भारतात कोण काय उडवतं, ते ओळखायचं कसं आणि त्यावरून काय ठरवायचं, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

कोणाकडे काय आहे

इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाली आणि आज देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक प्रवासी तिच्याच विमानांत बसतात. ताफा चारशेच्या आसपास, आणि त्यातला बहुतांश एकाच घराण्यातला: १८० किंवा १८६ जागांचं एअरबस ए३२० आणि त्याचंच लांबवलेलं रूप ए३२१, ज्यात सर्वसाधारणपणे २२२ किंवा २३२ जागा असतात. छोट्या शहरांसाठी ७८ जागांचं, पंख्यांवर चालणारं एटीआर ७२. इंडिगोच्या तिकिटावर ‘६ई’ नंतर ७ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक दिसला, तर ते बहुधा एटीआर समजावं.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे परतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्यामुळे एकाच नावाखाली तीन पिढ्यांची विमानं आहेत: सरकारी काळातली, विस्ताराकडून आलेली आणि नवी कोरी. देशांतर्गत मार्गांवर ए३२० आणि ए३२१, लांबच्या मार्गांवर बोइंग ७८७, ७७७ आणि एअरबस ए३५०. भारतात सर्वांत जास्त नशीब आजमावावं लागतं ते याच कंपनीत, कारण तिकिटाचं भाडं तेच आणि विमान मात्र कुठल्या पिढीचं येईल ते वेगळं. जुन्या ए३२० निओ विमानांची आतली रचना बदलण्याचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. बदललेल्या विमानात तीन वर्ग असतात: ८ जागा बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी.

एअर इंडिया एक्स्प्रेस ही तिचीच स्वस्त भाड्याची कंपनी. तिकिटावर कोड ‘आयएक्स’. जुनी एअरएशिया इंडिया ऑक्टोबर २०२४ मध्ये हिच्यात मिसळली, त्यामुळे इथे बोइंग ७३७-८००, ७३७ मॅक्स आणि ए३२० अशी भेळ झाली आहे. घाईत तिकीट काढताना ‘एअर इंडिया’ एवढंच वाचून पुढे जाऊ नका. एक्स्प्रेसमध्ये खाणं विकत घ्यावं लागतं आणि नियमही वेगळे असतात.

अकासा एअरचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईहून अहमदाबादला झालं. कोड ‘क्यूपी’. तिच्याकडे सगळी विमानं ७३७ मॅक्स, त्यामुळे अंदाज चुकण्याची भीती सर्वांत कमी. स्पाइसजेटकडे ७३७ आणि क्यू४०० हे पंख्यांचं विमान आहे. तिचा ताफा गेल्या काही वर्षांत आर्थिक ओढाताणीमुळे बराच आक्रसला आहे.

महाराष्ट्र-गोव्यातल्या प्रवाशाने तीन छोट्या कंपन्या ओळखून ठेवाव्यात. पहिली अलायन्स एअर. पूर्वी ती एअर इंडियाची उपकंपनी होती. टाटांकडे गेली नाही, सरकारकडेच राहिली. ७० जागांचं एटीआर ७२ आणि ४८ जागांचं एटीआर ४२ ही तिची मुख्य विमानं. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली ती हिच्याच एटीआरने. दुसरी स्टार एअर, कोल्हापूरजवळच्या अतिग्र्याच्या संजय घोडावत समूहाची. तिच्याकडे ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची ५० जागांची ईआरजे-१४५ आणि ७६ जागांची ई-१७५ ही छोटी जेट आहेत. तिसरी फ्लाय९१, गोव्याची. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, मोपा हे तिचं घर, आणि विमानं एटीआर ७२. तिचा कोड ‘आयसी’. जुन्या प्रवाशांना तो ओळखीचा वाटेल, कारण हाच कोड पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता. तेव्हा तिकिटावर ‘आयसी’ बघून गोंधळू नका.

मॉडेल कळतं कसं

बहुतेक संकेतस्थळांवर ‘फ्लाइट डिटेल्स’ उघडलं की मॉडेल दिसतं. काही ठिकाणी पूर्ण नावाऐवजी तीन अक्षरी खूण असते. ‘३२एन’ म्हणजे ए३२० निओ, ‘३२क्यू’ म्हणजे ए३२१ निओ, ‘७३८’ म्हणजे ७३७-८००, ‘७एम८’ म्हणजे ७३७ मॅक्स ८, ‘एटी७’ म्हणजे एटीआर ७२, ‘७८८’ आणि ‘७८९’ म्हणजे ७८७ ची दोन रूपं आणि ‘३५९’ म्हणजे ए३५०-९००.

खूणही नसेल तर पैसे भरण्याआधी सीटचा नकाशा उघडा. मॉडेलच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन जागा दिसल्या तर एटीआर, क्यू४०० किंवा ई-१७५. एका बाजूला एक आणि दुसरीकडे दोन जागा असतील तर स्टार एअरचं ईआरजे-१४५. तीन-तीन जागा म्हणजे ए३२० किंवा ७३७ चं घराणं. तीन-तीन-तीन म्हणजे दोन मार्गिकांचं मोठं विमान. नकाशात पुढे आठ रुंद बिझनेस खुर्च्या आणि त्यामागे २४ प्रीमियम खुर्च्या दिसल्या, तर एअर इंडियाचं नव्या रचनेचं विमान तुमच्या वाट्याला आलं आहे. इंडिगोच्या नकाशात पुढे १२ रुंद जागा दिसल्या तर ते ‘स्ट्रेच’ नावाची बिझनेस सोय असलेलं ए३२१.

आणखी एक ओळ वाचायची सवय लावून घ्या: हे उड्डाण प्रत्यक्षात कोण चालवणार. कोडशेअरमध्ये तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असतं. शिवाय भारतीय कंपन्या परदेशी विमानं कर्मचाऱ्यांसकट भाड्याने आणतात. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून अ‍ॅम्स्टरडॅम आणि मँचेस्टरची सेवा सुरू केली ती नॉर्स अटलांटिक या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७ विमानांनी. अशा विमानाची आतली मांडणी मूळ कंपनीचीच असते.

एटीआर: छोट्या गावची गाडी

अमरावती, जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर इथे विमान आलं ते प्रामुख्याने एटीआरमुळे. कमी लांबीच्या धावपट्टीवरून ते उडतं, सत्तर-पंचाहत्तर माणसांत भरतं आणि इंधन कमी खातं. उडान योजनेतलं पहिलं उड्डाणही, २७ एप्रिल २०१७ चं शिमला-दिल्ली, अलायन्सच्या एटीआर ४२ नेच झालं होतं.

‘पंख्याचं विमान म्हणजे जुनाट’ हा समज आधी डोक्यातून काढून टाका. तो पंखा फिरवणारं यंत्र जेटसारखंच टर्बाइन असतं, आणि भारतात उडणारी एटीआर ७२-६०० ही या विमानाची आधुनिक आवृत्ती आहे. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटपेक्षा कमी. पण तीनशे किलोमीटरच्या प्रवासात त्याने पंधरा-वीस मिनिटांचाच फरक पडतो.

आता प्रत्यक्ष बसताना काय होतं ते बघू. एटीआरला एअरोब्रिज लागत नाही. बसने किंवा पायी विमानापाशी जायचं आणि शेपटीकडच्या दारातून चढायचं, कारण पुढच्या भागात सामानाची जागा असते. म्हणजे इथे मागची रांग घेणारा आधी चढतो आणि आधी उतरतो. दारातच बसवलेल्या पाच-सहा पायऱ्या असतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना मोठ्या विमानाची उंच शिडी चढण्यापेक्षा हे सोपं जातं. मात्र कठडा अरुंद असतो, म्हणून हात मोकळे ठेवायला सांगा. व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी कळवा.

डोक्यावरचे कप्पे लहान असतात. नेहमीची चाकांची केबिन बॅग त्यात बसत नाही, म्हणून ती शिडीपाशी चिठ्ठी लावून काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. इथेच लोकांची तारांबळ उडते: औषधं त्या बॅगेत, पॉवर बँक त्याच बॅगेत, दागिनेही त्यातच. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात जाऊ द्यायची नसते, त्यामुळे रांगेत उभं राहून बॅग उघडावी लागते. उपाय साधा आहे. औषधं, चष्मा, पॉवर बँक, लॅपटॉप आणि मौल्यवान वस्तू एका छोट्या कापडी पिशवीत आधीच वेगळ्या काढा. बॅग घेतली तरी पिशवी खांद्यावर राहते.

उन्हाळ्यात आणखी एक तयारी हवी. जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान उभं असताना वीज आणि थंड हवा तेच पुरवतं. एटीआरमध्ये ते नसतं. बाहेरून वीज मिळाली नाही तर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून अडवतात आणि इंजिन नुसतं चालू ठेवून काम भागवतात. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. नाव हॉटेलचं, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत बसलं की डेपोत उभ्या असलेल्या एसटीची आठवण होते. उड्डाणानंतर पाच-दहा मिनिटांत गारवा येतो. तान्हं मूल किंवा रक्तदाबाचा रुग्ण बरोबर असेल तर सकाळचं पहिलं उड्डाण घ्या. त्याने दुसराही फायदा होतो: एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे दुपारच्या तापलेल्या हवेचे आणि पावसाळी ढगांचे हेलकावे त्यात जास्त जाणवतात. सकाळची हवा तुलनेने शांत असते.

जागा निवडताना पंख्यांच्या रेषेतल्या रांगा टाळा. तिथे घरघर सर्वांत जास्त. पंख्यांच्या मागे आवाज कमी होत जातो. बाकी एटीआरची खिडकी ही चैनच. पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खाली बघताना काही आड येत नाही आणि विमान फार उंचावरून जात नसल्यामुळे गावं, धरणं, खाड्या ओळखू येतात. मुंबईहून दक्षिणेला गोवा किंवा सिंधुदुर्गकडे जाताना समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे राहतो. सकाळचं ऊनही डावीकडून येतं. परतीला हे सगळं उलटं.

स्टार एअरच्या ईआरजे-१४५ मध्ये डावीकडे एकच जागा असते. तीच खिडकीची आणि तीच मार्गिकेची. एकट्याने प्रवास करणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. फक्त इंजिनं शेपटीला असल्यामुळे शेवटच्या रांगा गोंगाटाच्या. ई-१७५ मध्ये दोन-दोन जागा असल्याने मधली, दोघांत चेपलेली जागाच नसते.

ए३२० आणि ७३७: जागा कशी निवडायची

देशातला बहुतांश विमान प्रवास या दोन घराण्यांत होतो. बाहेरून ओळखायचं तर नाक बघा: एअरबसचं गोलसर, बोइंग ७३७ चं टोकदार. ७३७ चं इंजिन खालच्या बाजूने चपटं वाटतं. मॅक्समध्ये पंखांच्या टोकाला वर आणि खाली अशी दोन पाती असतात आणि इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असतात.

आत बसल्यावर एअरबस जरा रुंद लागतं. दोन्हींत तीन-तीन जागा असल्या तरी ए३२० चा देह सात-आठ इंचांनी मोठा आहे. अंगाने भरलेल्या माणसाला हा फरक जाणवतो.

जास्त पैसे देऊन जागा घ्यायची असेल तर थोडं डोकं लावा. इंडिगोसारख्या एकाच वर्गाच्या ए३२० मध्ये पंखांवरची आपत्कालीन दारं १२ आणि १३ या रांगांशी येतात. दोन्हींत पाय पसरायला ऐसपैस जागा मिळते. पण १२ व्या रांगेची पाठ मागे जात नाही, कारण तिच्यामागेही दाराची वाट मोकळी ठेवायची असते. ११ व्या रांगेचंही तेच. पैसे मोजायचेच तर १३ वी रांग घ्या. या रांगांत लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा दार उघडायला मदत करू न शकणाऱ्या व्यक्ती बसवत नाहीत, म्हणून आजीसाठी ही जागा विकत घेऊ नका. विमानात उठवतील आणि पैशांवरून हुज्जत होईल. पहिल्या रांगेत पाय मोकळे, पण समोर खुर्ची नसल्यामुळे पर्सही वर ठेवावी लागते. शेवटच्या रांगेला स्वच्छतागृहाचा शेजार आणि ताठ पाठ.

७३७ मध्ये एक सापळा आहे. डाव्या बाजूला, पंखाच्या जरा पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते. तिथे खिडकीच नसते, कोरी भिंत असते. सीटच्या मांडणीप्रमाणे ही जागा ९ ते १२ या रांगांच्या आसपास कुठेतरी पडते. नकाशावर मात्र ती खिडकीची जागा म्हणूनच विकली जाते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या मुलाला खिडकी कबूल केली असेल, तर अकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मध्ये डावीकडच्या या रांगा सोडून द्या. पंखाच्या बऱ्याच मागची किंवा अगदी पुढची खिडकी घ्या.

मुलांबाबत एक नियम माहीत असू द्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये दिले आहेत. केवळ मूल जवळ बसावं म्हणून महागड्या जागा घेण्याची गरज नाही. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा.

दिल्लीहून गुवाहाटी किंवा बागडोगऱ्याला जाताना हिमालय डावीकडे दिसतो. स्वच्छ दिवशी त्या खिडकीचे जादा पैसे वसूल होतात. लेहला जायचं तर सकाळचंच उड्डाण मिळेल असं गृहीत धरा. दहा हजार फुटांहून जास्त उंचीवरच्या त्या विमानतळावर हवा विरळ असते आणि दुपारी वारा उठतो. सकाळचं उड्डाण रद्द झालं की त्या दिवशी दुसरं मिळणं कठीण, म्हणून लेहहून परतीच्या दिवशीच पुढचं आंतरराष्ट्रीय विमान ठेवू नका.

लांबच्या प्रवासाला रुंद विमान

मुलाकडे अमेरिकेला किंवा लेकीकडे लंडनला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी मॉडेलचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ७८७ आणि ए३५० या विमानांचा देह प्रामुख्याने कार्बन-फायबरचा आहे. त्यामुळे आतला हवेचा दाब सुमारे सहा हजार फूट उंचीइतका ठेवता येतो. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांच्या जवळपास असतो. पंधरा तासांच्या प्रवासात डोकं जड होणं आणि घसा कोरडा पडणं त्यामुळे कमी होतं.

एअर इंडियाच्या ए३५० मध्ये २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमी जागा आहेत. विस्ताराकडून आलेल्या ७८७-९ मध्येही प्रीमियम इकॉनॉमी आहे. सरकारी काळातल्या ७८७-८ मध्ये मुळात १८ बिझनेस आणि २३८ इकॉनॉमी असे दोनच वर्ग होते. त्यांचं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चाललं आहे. बिझनेस वर्गाचे पैसे मोजणाऱ्याने नकाशा बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. खुर्च्या एक-दोन-एक अशा असतील तर प्रत्येकाला थेट मार्गिका मिळते. दोन-दोन-दोन असतील तर खिडकीतल्याला शेजाऱ्याला ओलांडून जावं लागतं. भाडं जवळपास सारखं असूनही हा फरक पडतो.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद केली. तेव्हापासून युरोप-अमेरिकेची बरीच उड्डाणं लांबली आणि काहींना वाटेत इंधनासाठी थांबावं लागू लागलं. भारतीय कंपनीचं तिकीट काढताना एकूण तास आणि थांबे वाचा आणि पुढच्या जोडउड्डाणासाठी तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका.

ताफा मोठा की छोटा

बिघाड प्रत्येक विमानात होतो. तो झाल्यावर काय होतं, हे ताफ्यावर अवलंबून असतं. मुंबईत शंभर ए३२० ये-जा करत असतील तर एक बंद पडल्यावर दुसरं काढता येतं. मोजकीच एटीआर असलेल्या कंपनीचं एक विमान जमिनीवर अडकलं की दोन-तीन गावांची उड्डाणं एकदम कोलमडतात. त्यात अनेक छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसते. दुपारी चारचं उड्डाण तीन तास लांबलं तर त्याला उशीर म्हणत नाहीत, ते रद्दच होतं. म्हणून छोट्या गावाहून निघून मुंबईत पुढचं विमान धरायचं असेल तर मधे एक रात्र ठेवा, किंवा दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

मोठा ताफा ही हमी मात्र समजू नका. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा विमानं धडधाकट उभी होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि त्या हिशेबाने वैमानिक कमी पडले. त्याआधी मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली. तिची निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर होती. लग्नकार्य, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया गाठायची असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. यावर दुसरा इलाज नाही.

उत्तरेत १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ मानतात. दाट धुक्यात दिल्लीला उतरायला विशेष यंत्रणेचं विमान आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात. ए३२० आणि ७३७ ला ते शक्य असतं, एटीआरला नाही. या काळात दिल्लीला पहाटेचं विमान घेऊ नका. दुपारी बाराच्या पुढचं घ्या.

निघायच्या दिवशी फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. ते अजून दुसऱ्या शहरातून उडालेलंच नसेल तर ‘वेळेवर’ या शब्दावर विसंबू नका. विमानतळही तपासा: गोव्यात दाभोळी आणि मोपा असे दोन आहेत आणि २५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईच्या प्रवाशालाही सांताक्रूझ की नवी मुंबई हे बघावं लागतं.

विमान बदललं किंवा रद्द झालं तर

तिकिटावरचं मॉडेल हे वचन नसतं. कंपनी ते बदलू शकते. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक लागताना, म्हणजे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, असे बदल फार होतात. त्या सुमारास आपलं तिकीट आणि जागा पुन्हा एकदा उघडून बघा. पैसे देऊन घेतलेली जागा बदलात गेली तर तेवढी रक्कम मागा.

डीजीसीएचे काही नियम पाठ असावेत. बिझनेस वर्गाचं तिकीट असून देशांतर्गत उड्डाणात तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं, तर करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा, यातलं तुम्ही निवडायचं. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. वादळ, दंगल, हवाई नियंत्रणाची अडचण अशी कारणं असतील तर ही भरपाई मिळत नाही, पण परतावा मिळतो.

या सगळ्यात एक मेख आहे. कंपनी कळवते ती पीएनआरवरच्या मोबाइल क्रमांकावर. एजंट तिथे स्वतःचा क्रमांक टाकतात आणि निरोप तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रवाशाने संपर्काचा तपशील दिलाच नसेल तर भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. तिकीट हातात पडताच त्यावर स्वतःचा क्रमांक आहे ना, ते बघा. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, मग सरकारच्या ‘एअरसेवा’वर.

सुरक्षिततेबद्दल

‘हे मॉडेल सुरक्षित आहे ना?’ हा प्रश्न अहमदाबादनंतर घराघरांत विचारला जातो. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ७८७-८ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. जुलैमधल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद होती. त्या टप्प्यावर हे मॉडेल वापरणाऱ्या कंपन्यांना कोणतीही उपाययोजना सुचवलेली नव्हती. ७३७ मॅक्सची गोष्ट वेगळी. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेल्यावर ते जगभर जमिनीवर आणलं गेलं, त्यात दुरुस्त्या झाल्या आणि भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला पुन्हा परवानगी मिळाली. नियमित सेवा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना डीजीसीएचे तेच नियम लागू असतात, विमान १७ जागांचं असो वा ३१६ जागांचं. मॉडेल बघायचं ते सोयीसाठी आणि नियोजनासाठी. त्यावरून जिवाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच: पट्टा बांधलेला ठेवा आणि सर्वांत जवळचं दार किती रांगांवर आहे ते बसल्याबसल्या मोजून ठेवा.

थोडक्यात, पैसे भरण्याआधी दोन मिनिटं काढून मॉडेल, सीटचा नकाशा, प्रत्यक्ष चालवणारी कंपनी आणि विमानतळ तपासा. भाड्यात दोनशे-चारशे रुपयांचा फरक असेल तर चांगलं विमान आणि सोयीची वेळ निवडा. फरक दोन हजारांचा असेल तर खुशाल स्वस्त तिकीट घ्या. फक्त कशात बसणार आहात ते माहीत असू द्या, आणि औषधांची पिशवी खांद्यावर ठेवा.